‘ह्यो आता बेताल झालो’

पत्र (थोडं कापून घेतलं आहे) :

सप्रेम नमस्कार. मी कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत राहतो, वय सत्तावीस. आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतो. बुवा म्हणजे माझे थोरले काका. यंदा गणपतीत पाचव्या रात्री मूळ घरी, म्हणजे काकांकडेच, भजन होतं. मुंबईची सगळी मंडळी आली होती. एक वाजून गेला होता, गजर चढला होता, मीही लय वाढवली. काकांनी हात वर केला, पेटी थांबवली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘ह्यो आता बेताल झालो.’ माणसं हसली. मी पखवाज तिथेच खाली ठेवला आणि उठून आलो. त्याला तीन आठवडे झाले, मी तिकडे गेलेलो नाही. दुसऱ्या दिवशी चुलतभावाने घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिलं, की बाबांना वाजवण्याबद्दल नाही, वागण्याबद्दल म्हणायचं होतं. ते मला जास्तच लागलं. दुपारी बागेच्या व्यवहारावरून काकांशी थोडं झालं होतं, पण त्याचा इथे संबंध नाही. आत्या म्हणते, ‘वेतोबाचा नाव घेतल्यान, ती काय शिवी नाय.’ मला ‘बेताल’ शब्दाचा नेमका, कोशातला अर्थ द्या, ग्रुपवर टाकतो. मी एकही सम चुकलो नव्हतो. काकांनी माफी मागायला हवी की नको?
— पखवाजवाला

पखवाजवाल्या,

तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. मी निवृत्त झाले त्या सुमाराला दहावीला होती त्या पोरांच्या वयाचा तू. सवय जात नाही.

आधी तुझ्या आत्याचं बघू. तिचं म्हणणं सगळ्यात गोड आहे आणि सगळ्यात चूकही आहे. हिंदीत वेताळाला बेताल म्हणतात. राजा विक्रमाच्या पाठीवर बसून गोष्टी सांगणारा तोच. मूळ संस्कृत शब्द वेताल. हिंदीत त्यातल्या ‘व’चा ‘ब’ झाला, आपल्याकडे ‘ल’चा ‘ळ’ झाला, आणि प्रेमाने हाक मारताना वेतोबा झाला. काकांच्या बेतालचा त्याच्याशी काही संबंध नाही. उलट आरवलीचा वेतोबा रात्रभर गावाची राखण करत फिरतो, त्याच्या चपला झिजतात, म्हणून तर लोक केळ्यांच्या घडासोबत चपलांचा जोड वाहतात. रोज नेमाने फेरी घालणाऱ्या देवाला बेताल म्हटलेलं आरवलीकरांना चालायचं नाही. पण आत्याला हे सांगायला जाऊ नकोस. ती तुझ्या बाजूने बोलते आहे, व्युत्पत्ती गेली खड्ड्यात.

आता शब्द. ‘बे’ हे फारसीतून आलेलं डोकं आहे : बेइमान, बेपर्वा, बेकायदा. शिवाजी महाराजांनी रघुनाथपंत हणमंत्यांकरवी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. पण हे एका अक्षराचं चिमुकलं ‘बे’ त्यातूनही सुटलं, आणि नुसतं सुटलं नाही, थेट संस्कृत शब्दांच्या मानेवर जाऊन बसलं. बेसूर, बेभान, बेताल. डोकं फारसी, धड संस्कृत, आणि चाल अस्सल मराठी.

राहिला ‘ताल’. वेतालाचा वेताळ करणाऱ्या आपल्या जिभेने तालाचाही ताळ केला. ताळमेळ त्यातलाच. ताळतंत्र सोडणे त्यातलंच. ‘डोकं ताळ्यावर आहे ना?’ असं तुझ्या आईने तुला एकदा तरी विचारलं असेल. म्हणजे माणसाच्या वागण्याला ताल असतो आणि तो सुटू शकतो, ही कल्पना मराठीत घरोघरी मुरलेली आहे. काकांनी त्या रात्री काही नवीन शोध लावलेला नाही.

पण तू म्हणतोस, मी सम चुकलो नव्हतो. मला हे पटतं, आणि ते कागदावर लिहून द्यायला मी तयार आहे. लय वेगळी, ताल वेगळा. भजनी ठेका आठ मात्रांचा. त्या आठ मात्रा तू सावकाश मोज की धावत मोज, आठ संपल्यावर पुन्हा पहिलीवर, म्हणजे समेवर, आलास की तू तालात आहेस. लय वाढवली म्हणून कोणी बेताल होत नाही. गजर तर चढवायचाच असतो. तेव्हा संगीताच्या हिशेबाने काकांचा शब्द चुकला, आणि तेही बुवा असून चुकला.

एकच विचारते, आणि याचं उत्तर मला पाठवू नकोस, स्वतःलाच दे. तू समेवर आलास तेव्हा झांजवाले कुठे होते? ते तुझ्याबरोबर पहिलीवर होते, की अजून सहावी-सातवीवर धापा टाकत होते? खोलीत एकटा बसून वाजवताना सम तुझ्या मालकीची असते. भजनात ती बारा जणांची सामाईक असते, तुमच्या बागेच्या सातबाऱ्यासारखी.

बाग आलीच आहे तर येऊ तिच्याकडे. पण त्याआधी थोडं शब्दांमध्येच राहू दे मला, कारण काकांनी हाच शब्द का उचलला हे त्याच्या भावंडांशेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. सुटलेल्या माणसासाठी मराठीत शब्दांची वाण नाही.

‘बेलगाम’ घे. लगाम म्हणजे घोडा आला. आपल्या कोकणात घोडा कोणी पाळला? लहानपणी हा शब्द वाचला की मला आंबोलीचा घाट चढून बेळगावला जाणारी एसटीच आठवायची. आपल्याकडे बैल, आणि बैलाला वेसण. म्हणून आपण वेसण घालतो, लगाम देशावरचे लोक घालतात. ‘उच्छृंखल’ म्हणजे साखळी तोडून निघालेला, उत् आणि शृंखला. शब्द इतका जडशीळ की तो म्हणायलाच माणसाला संयम लागतो. भजनात कोणी कोणाला उच्छृंखल म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. ‘बेफाम’मधला फाम म्हणजे मुळात फहम, समज. ‘बेछूट’ तर गंमतच आहे : ‘बे’ म्हणजे नाही, छूट म्हणजे मोकळीक, दोन्ही जोडून अर्थ निघायला हवा ‘मोकळीक नसलेला’, आणि आपण म्हणतो बेछूट गोळीबार. शब्द फोडून आत काय आहे ते बघायला मलाही आवडतं, पण फोडलेल्या तुकड्यांची बेरीज म्हणजे अर्थ नव्हे, हे बेछूट शिकवतो.

‘स्वैर’ने मला एकदा चांगलाच दणका दिला होता. नववीतल्या एका मुलीने पावसावर फार सुरेख निबंध लिहिला होता, विहिरीपासून समुद्रापर्यंत वाटेल तिथे हिंडून आलेला. मी लाल शाईने खाली लिहिलं, ‘कल्पना स्वैर, छान.’ तिसऱ्या दिवशी तिचे वडील वही घेऊन शाळेच्या पायरीवर उभे. ‘बाई, माझी मुलगी स्वैर?’ मी समजावत होते की अहो, स्वैर अनुवाद असतो, स्वैर कल्पना असते, त्यात वावगं काही नाही. ते ऐकत होते, पण त्यांच्या कानात स्वैराचार शिरला होता आणि तो बाहेर निघेना. शेवटी मी तो शब्द खोडला आणि ‘मुक्त’ लिहिलं. मुलीने मात्र मला नंतर विचारलं, ‘बाई, स्वैरच बरा होता ना?’ बराच होता. आणि तिला मी सांगितलं ते तुलाही सांगते : स्व आणि ईर. महा आणि ईश मिळून महेश होतो, त्या नियमाने इथे ‘स्वेर’ व्हायला हवं होतं. झालं स्वैर. त्या एका शब्दासाठी व्याकरणकारांना वेगळा अपवाद लिहून ठेवावा लागला. आपल्या मर्जीने चालणाऱ्याचा शब्द, तो संधीचा नियम तरी कशाला पाळेल!

आणि मग आपला ‘मोकाट’. तुला हा सांगायला नको. भात कापून झालं, मळे मोकळे झाले की दावी सुटायची, आणि मग पाऊस येईपर्यंत गुरं कुणाचीच नसायची. आमच्याकडे एक तांबडी गाय होती, तिला शेजारच्या कुळथाचा नाद. कितीदा तिला कोंडवाड्यातून सोडवून आणली. कोंडवाडे चालतात तो गुरांचा कायदा १८७१चा, आणि वडील त्याला ‘तांबडीचा कायदा’ म्हणायचे. शेवटी त्यांनी तिच्या गळ्यात लोढणं अडकवलं : हातभर लांबीचा ऐनाचा ओंडका, दोरीने असा टांगलेला की चालताना दोन्ही पुढच्या पायांच्या मधे येईल. हळू चाललं तर नुसता लागायचा. धावलं की गुडघ्यावर बसायचा. टक, टक, टक. रात्री तो आवाज थांबला की वडील उठून बसायचे, कारण आवाज थांबला म्हणजे ती कुठे तरी उभी राहून खात होती.

हे सगळे शब्द नीट बघ. लगाम, वेसण, साखळी, दावं, लोढणं. प्रत्येकात बांधणारा एक आणि बांधलेलं दुसरं. दोरी बाहेरची आणि तिचं टोक मालकाच्या हातात. ‘बेताल’मध्ये दोरी नाही. ताल कोणी कोणाच्या गळ्यात बांधत नाही; तो ज्याचा त्याने, पण सगळ्यांबरोबर मोजायचा असतो. म्हणून बेताल ढोर नसतं. बेताल घोडा मी कुठे वाचलेला नाही. तीन वर्षांचं पोर गणपतीपुढे धिंगाणा घालतं त्याला आपण द्वाड म्हणतो, वांड म्हणतो, बेताल म्हणत नाही, कारण त्याला अजून मोजताच येत नाही. वर्तमानपत्रं ‘बेताल वक्तव्य’ लिहितात ती कुणाबद्दल? ज्याला माईकपुढे काय बोलावं याची अक्कल असायला हवी होती अशा माणसाबद्दल. ज्याला तालात धरलं आहे तोच बेताल होऊ शकतो. काका ‘झालो’ म्हणाले. ‘हा’, म्हणजे ‘आहे’, म्हणाले नाहीत. ह्यो बेताल झालो, म्हणजे आतापर्यंत नव्हतो.

आता दुपार.

तू पत्रात सगळं बारीक सांगितलंस. एक वाजून गेला होता, पेटी थांबली, हात वर झाला, लोक हसले. आणि दुपारचं तेवढं ‘थोडं झालं होतं’ म्हणून एका ओळीत गुंडाळलंस आणि वर संबंध नाही असा शिक्काही मारलास. पोरा, एकतीस वर्षं मी उत्तरपत्रिका तपासल्या आहेत. जे उत्तर विद्यार्थी एका ओळीत उरकतो तिथेच त्याचा अभ्यास झालेला नसतो.

मी तिथे नव्हते. पण पाचव्या दिवसाची दुपार कोकणातल्या घरात कशी असते ते मला माहीत आहे. जेवणं उशिरा झालेली, खळ्यात खुर्च्या, मुंबईहून आलेले जावई, व्याही, पोरं झोपाळ्यावर. बागेचा विषय नेमका तेव्हाच निघतो, कारण सगळे हिस्सेदार वर्षातून तेव्हाच एका जागी असतात. तू काहीतरी बोललास. कदाचित बरोबरच बोललास; कलमं विकायची की ठेवायची यात काकांचं चुकतही असेल, तो प्रश्न सातबारा घेऊन वकिलाकडे न्यायचा, माझ्याकडे नाही. पण आवाज केवढा होता? आणि समोर कोण कोण होतं? तू सम चुकला नसशील. बाकीचे कुठल्या मात्रेवर आहेत ते मात्र त्या दुपारी बघितलं नसावंस.

काका तेव्हा गप्प बसले असतील, पाहुण्यांसमोर. मग संध्याकाळची आरती, मग काळ्या वाटाण्याची उसळ, मग भजन. आणि रात्री एक वाजता, त्यांचा हात वर झाला की सगळं थांबतं अशा त्या एकाच जागी, दुपारचा शब्द बाहेर पडला. तुझा चुलतभाऊ खोटं सांगत नाहीये. ग्रुपवर सांगायला नको होतं, ते वेगळं. बापाच्या शब्दांवर मुलांनी टीका लिहू नये, तिथे भांडणंच उगवतात.

मी काकांची वकिली करते आहे असं वाटत असेल तर थांब. त्यांचंही चुकलं, आणि ते वाजवण्यातच चुकलं. बुवाला पखवाजवाल्याला आवरायचं असेल तर तो डोळ्याने आवरतो, फार तर पेटीवरची बोटं जड करतो. चालू गजर थांबवून शब्द टाकायचा, तोही चाकरमान्यांसमोर, ही बुवाची रीत नव्हे. शिवाय रात्री एक वाजता ‘बेताल झालो’ म्हटल्यावर ज्यांना दुपारचं ठाऊक नाही त्यांच्या मनात पहिलं काय येतं? बाटली. माणसं हसली ती त्यालाच हसली असणार. तुला लागलं ते योग्यच लागलं.

पण एक बघ. काकांच्या तोंडात त्या क्षणी ‘माजलो’ हा शब्द तयार असणार. कोकणातल्या कुठल्याही थोरल्या काकाच्या तोंडात तो असतोच, पुतण्यांसाठीच घासून ठेवलेला. तो शब्द गुरांचा. तो त्यांनी गिळला आणि तालाचा शब्द काढला.

कोशातला अर्थ हवा म्हणालास, तो घे : बेताल, विशेषण, तालाबाहेर गेलेला, लक्षणेने, ज्याच्या बोलण्यावागण्याला धरबंध उरलेला नाही असा. हा तू ग्रुपवर टाकशील. तू पहिल्या अर्थावर बोट ठेवशील, चुलतभाऊ दुसऱ्यावर. मग मुंबईहून कोणी मोल्सवर्थची १८५७ची आवृत्ती धुंडाळून त्याचा फोटो टाकेल, कोणी हात जोडलेलं चित्र टाकेल, आणि आत्या पुन्हा वेतोबाला मधे आणेल. टाकू नकोस. हा शब्द चाळीस माणसांत सुटणारा नाही, तो दोघांत बोलला गेला आहे.

माफीचं विचारलंस. सत्तरीच्या आसपासचा कोकणातला माणूस पुतण्याला ‘माझं चुकलं’ म्हणाला असं माझ्या पाहण्यात तरी नाही. तो म्हणतो, ‘चाय घेतलंस काय?’ तू दारात दिसलास आणि हे विचारलं गेलं, तर ती माफी समज, आणि घेतली नाही असं सांग, जरी घरून दोन कप पिऊन निघाला असलास तरी. मग तुझं तू बोल. दुपारी आवाज चढला, तेवढंच. बागेचा मुद्दा सोडू नकोस, पण त्या चहावर काढूही नकोस. वाजवण्याबद्दल मात्र एक अक्षर माघार घेऊ नकोस. सम चुकली नव्हती हे बुवाला तुझ्याइतकंच माहीत आहे.

आणि हो, पखवाज. तो तू त्या रात्री तिथेच ठेवून आलास. डाव्या तोंडाला ओली कणीक लावलेली होती. तुला मी काय सांगायचं, वाजवून झालं की ती खरवडून काढावी लागते. नाही काढली तर दगड होते, कातडं ओढते, आणि ओल्या भाद्रपदात घरात ठेवलेल्या कणकेला उंदीर सोडत नाहीत. तीन आठवडे झाले म्हणतोस. गेलास की आधी ते तोंड बघ. कणीक काढून, ओल्या फडक्याने पुसून, खोळ घालून पखवाज उभा करून ठेवलेला असेल, तर ते काम त्या घरात कोण करू शकतं हे तुला माहीत आहे. काकीकडे वाटीभर पीठ माग.